टाळू, टेप आणि वाढता मेंदू

तुमच्या घरी किंवा शेजारी एखादे तान्हे बाळ आहे का? असल्यास, आजी त्याला न्हाऊमाखू घालत असेल तेव्हा जवळ बसून पाहा. हातपाय चोळून झाले की आजी बाळाच्या डोक्यावर, कपाळाच्या थोडे वर मधोमध, तेलाचे बोट अगदी हलक्या हाताने टेकवते आणि म्हणते, "टाळू अजून भरायची आहे." त्या जागी हाड लागत नाही, मऊ कातडी लागते. बाळ शांत झोपलेले असताना ही जागा नाडीच्या ठोक्याबरोबर किंचित वरखाली होताना दिसते.

दीड वर्षाच्या सुमारास ही टाळू भरून येते. तेल घातल्यामुळे ती भरली, असे आजीला वाटते. पण ज्या बाळाच्या डोक्याला तेलाचा थेंबही लागलेला नाही, त्याचीही टाळू भरतेच! मग ही जागा उघडी राहण्याचे कारण काय? या प्रश्नाचा धागा धरून आपण बाळाच्या मेंदूपर्यंत जाणार आहोत. त्यासाठी लागणारे उपकरण एकच, साधी मोजपट्टी म्हणजे टेप.

न जुळलेली हाडे

मोठ्या माणसाची कवटी घट्ट जुळलेल्या हाडांची असते. नवजात बाळाच्या कवटीची हाडे मात्र सुटी असतात आणि त्यांच्या कडांमध्ये लवचीक पडदे असतात. जेथे अनेक हाडांचे कोपरे एकत्र येतात तेथे मोठी फट राहते. तीच टाळू. मागची लहान टाळू दोन-तीन महिन्यांत बुजते, पुढची मोठी टाळू साधारणपणे दीड वर्षापर्यंत.

या रचनेचे दोन फायदे आहेत. जन्माच्या वेळी हाडे एकमेकांवर किंचित सरकतात आणि डोके अरुंद वाटेतून बाहेर येऊ शकते. दुसरा फायदा त्याहून मोठा आहे. आतला मेंदू इतक्या झपाट्याने वाढत असतो की कवटी आधीच पक्की झाली असती तर त्याला जागाच उरली नसती. टाळू वैद्यालाही उपयोगी पडते. हगवण लागलेल्या बाळाची टाळू खोल गेली असेल तर त्याच्या शरीरातील पाणी कमी झाले आहे असे समजावे. ती फुगून ताठ झाली असेल तर बाळाला ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे.

टेपने मेंदूचे वजन

मेंदू नेमका किती झपाट्याने वाढतो? डोके न उघडता हे कसे कळावे? येथे आपल्या भूमितीची मदत होते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये बाळांच्या वाढीचे प्रमाण ठरवून दिले. त्यासाठी सहा देशांतील निरोगी बाळांची मापे घेतली होती आणि त्यांत भारतही होता. त्यानंतर आलेल्या डोक्याच्या घेराच्या तक्त्यांनुसार मुलग्याच्या डोक्याचा सरासरी घेर जन्मतः ३४.५ सेंटिमीटर, एका वर्षाला ४६.१, दोन वर्षांना ४८.३ आणि पाच वर्षांना ५०.७ सेंटिमीटर असतो. मुलींचा घेर यापेक्षा साधारण अर्धा ते एक सेंटिमीटर कमी असतो. मोठ्या माणसाचा घेर ५५-५६ सेंटिमीटरच्या आसपास भरतो.

हे आकडे नीट पाहा. पहिल्या वर्षात घेर साडेअकरा सेंटिमीटरहून अधिक वाढला. दुसऱ्या वर्षात फक्त २.२ सेंटिमीटर वाढला. नंतरच्या तीन वर्षांत मिळून २.४!

आता थोडे गणित. वस्तूचा आकार तोच ठेवून लांबी दुप्पट केली तर घनफळ आठपट होते, म्हणजे घनफळ लांबीच्या घनाप्रमाणे वाढते. ४६.१ ला ३४.५ ने भागले की १.३४ येतात. त्याचा घन सुमारे २.४. म्हणजे एका वर्षात डोक्याचे घनफळ जवळजवळ अडीचपट झाले. प्रत्यक्षात नवजात बाळाच्या मेंदूचे वजन ३५० ते ४०० ग्रॅम आणि वर्षाच्या मुलाच्या मेंदूचे सुमारे ९०० ग्रॅम असते. हे गुणोत्तरही तेवढेच येते. शिंप्याकडे असते तसल्या टेपने आपण मेंदू तोलला! पुढच्या वयात मात्र हा हिशोब थोडा चुकतो, कारण कवटीचे हाडही जाड होत जाते.

मोठ्या माणसाचा मेंदू १,३०० ते १,४०० ग्रॅमचा असतो. म्हणजे वर्षाच्या मुलाचे शरीर मोठ्या माणसाच्या एक षष्ठांशही नसते, तेव्हा त्याचा मेंदू दोन तृतीयांश तयार झालेला असतो. पाचव्या वर्षी तो सुमारे नव्वद टक्के होतो. पहिलीत नाव घालण्यापूर्वीच मेंदूचे बहुतेक बांधकाम आटोपलेले असते.

पंधरा वॉटचा दिवा

बांधकाम म्हटले की खर्च आलाच. तो वॉटमध्ये काढून पाहू. तीन किलोच्या बाळाला दिवसाला साधारण ३०० किलोकॅलरी लागतात. एक किलोकॅलरी म्हणजे ४,१८४ ज्यूल आणि एका दिवसाचे सेकंद ८६,४००. गुणाकार-भागाकार केला की उत्तर येते सुमारे साडेचौदा. म्हणजे नवजात बाळ हा पंधरा वॉटचा दिवाच म्हणा ना! मोठा माणूस दिवसाला २,००० किलोकॅलरी खात असेल तर तो सत्त्याण्णव वॉटचा दिवा झाला. परंतु दर किलो वजनामागे बाळाचा खर्च आपल्या तिप्पट आहे.

याचे एक कारण उष्णता. साठ किलोचा माणूस तीन किलोच्या बाळाच्या वीसपट वजनाचा असला तरी त्याचा पृष्ठभाग वीसपट नसतो, सुमारे सातपटच असतो. म्हणून दर किलोमागे बाळाचा पृष्ठभाग आपल्या पावणेतीनपट भरतो आणि बाळ तितक्याच वेगाने उष्णता गमावते. त्यातही बाळाचे डोके त्याच्या उंचीच्या चौथा हिस्सा, आपले मात्र सातवा-आठवा. टोपडे आणि कुंची यांमागे असे भौतिकशास्त्र दडलेले आहे. वजन जितके कमी तितकी ही गळती जास्त, आणि ऊब टिकवण्यात गेलेली ऊर्जा वाढीसाठी उरत नाही.

दुसरे कारण मेंदू. मोठा माणूस स्वस्थ पडून असतो तेव्हा त्याच्या ऊर्जेचा पाचवा हिस्सा मेंदू वापरतो. तान्ह्या बाळात हा वाटा निम्म्याहून जास्त असतो. अमेरिकेतील क्रिस्तोफर कुझावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवून दिले की चार-पाच वर्षांच्या सुमारास तो सर्वांत मोठा, म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश होतो, आणि नेमक्या याच काळात शरीराची वाढ सर्वांत मंद असते. मेंदूचे बिल भागवण्यासाठी शरीर स्वतःची वाढ लांबणीवर टाकते.

खोडदच्या तबकड्या आणि द्राक्षाची छाटणी

मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. जवळजवळ सगळ्या जन्मापूर्वीच तयार झालेल्या असतात. मग जन्मानंतर मेंदूचे वजन वाढते ते कशाने? चेतापेशींना फुटणाऱ्या शाखा, शाखांमधील जोडण्या, आधार देणाऱ्या पेशी आणि तंतूंवर चढणारे मायलिन नावाचे मेदयुक्त आवरण यांनी. विजेच्या तारेवर रबराचे वेष्टन असते ना, तसे हे आवरण असते. ते चढले की संदेश कितीतरी पटींनी वेगाने धावतो.

जोडण्यांचे महत्त्व समजण्यासाठी आपल्याच भागातील उदाहरण घेऊ. आळेफाट्याहून नारायणगावकडे निघालात तर खोडदजवळच्या प्रचंड रेडिओ दुर्बिणीच्या जाळीदार तबकड्या तुम्ही पाहिल्या असतील. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आणि एकूण तबकड्या ३०. नुसत्या तीस तबकड्या उभ्या केल्या म्हणजे ही दुर्बीण होत नाही. प्रत्येक तबकडीचा संदेश प्रकाशतंतूंतून केंद्राकडे येतो आणि तेथे तो दुसऱ्या प्रत्येक तबकडीच्या संदेशाशी ताडून पाहतात. तीस तबकड्यांच्या जोड्या किती? ३० गुणिले २९ भागिले २, म्हणजे ४३५. आकाशाचे चित्र उमटते ते या जोड्यांमधून. मेंदूतही तसेच आहे. तेथे एकेका चेतापेशीच्या हजारो जोडण्या असतात.

शिकागोच्या पीटर हटेनलोकर यांनी १९७९ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या जोडण्या मोजल्या. मेंदूच्या पुढील भागात त्यांची दाटी एक ते दोन वर्षांच्या वयात सर्वांत जास्त आढळली, मोठ्या माणसाच्या सुमारे दीडपट! पुढे त्या कमी होत जातात. हे नुकसान म्हणायचे का? आपल्या द्राक्षबागायतदाराला विचारा. एप्रिलमध्ये खरडछाटणी आणि ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी केली नाही तर वेल नुसता माजतो, घड धरत नाही. मेंदूही आधी भरमसाट जोडण्या करतो आणि मग ज्या वापरात येतात त्या पक्क्या करून उरलेल्या छाटतो.

वापरात म्हणजे कशा? बाळ पाहते, ऐकते, चाचपते, पडते, उठते. आई बोलते, बाळ हुंकार देते, आई पुन्हा बोलते. अशा प्रत्येक देवघेवीत काही वाटा मळतात. वाट मळलीच नाही तर काय होते, हे डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी १९६० नंतरच्या दशकात मांजराच्या पिलांवर प्रयोग करून दाखवले. पिलू लहान असताना त्याचा एक डोळा काही आठवडे बंद ठेवला, तर पुढे डोळा उघडूनही त्याला त्या डोळ्याने नीट दिसत नाही. डोळा शाबूत असतो. मेंदूतील त्याची जागा दुसऱ्या डोळ्याने घेतलेली असते. मोठ्या मांजराचा डोळा तितकेच दिवस झाकला तर असे काही होत नाही. या संशोधनाला १९८१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणूनच जन्मतः मोतीबिंदू असलेल्या बाळावर लवकर, शक्यतो पहिल्या काही आठवड्यांतच शस्त्रक्रिया करतात. बाळाच्या बाहुलीत पांढरे दिसले तर "मोठेपणी पाहू" म्हणून चालत नाही.

पुणे जिल्ह्यातील सहा खेडी

बांधकामाचे साहित्य येते कोठून? प्रथम आईच्या ताटातून. याचा जगभर गाजलेला अभ्यास आपल्याच पुणे जिल्ह्यात झाला आहे.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत हे काम सुरू केले. भाग अवर्षणप्रवण, लोक शेतकरी. तेथील स्त्रियांचा आहार, त्यांचे काम, रक्तातील घटक आणि पुढे त्यांच्या बाळांची मापे काळजीपूर्वक टिपण्यात आली. २००३ मध्ये येथील ६३१ बाळांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या ३३८ बाळांशी प्रसिद्ध झाली. तिकडच्या बाळांचे सरासरी वजन ३.५ किलो, आपल्याकडच्यांचे २.७ किलो. आपली बाळे दंडाने आणि पोटाच्या घेराने फारच लहान होती. डोक्याचा घेरही कमी होता, परंतु दंड-पोटाइतका नाही. टंचाईच्या काळात गर्भ मेंदूला झुकते माप देतो, असे शास्त्रज्ञ सांगतात. विशेष म्हणजे एवढ्या रोड बाळांच्या कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. स्नायू कमी आणि चरबी टिकून, अशी ही ठेवण पुढील आयुष्यात मधुमेहाला वाट करून देते, असे याज्ञिक यांचे मत आहे. बाळसे दिसले म्हणजे सारे ठीक, असे नसते!

याच प्रकल्पात पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या शोभा राव यांनी आयांच्या आहाराचा अभ्यास केला. गरोदरपणात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध वरचेवर खाणाऱ्या स्त्रियांची बाळे जन्मतः मोठी होती, असे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात दिसते. मेथी, शेपू, राजगिरा या भाज्या आपल्या मळ्यांतूनच मुंबईच्या बाजाराला जातात. त्या मळ्यात राबणाऱ्या बाईच्या ताटात त्या पडतात का, हा प्रश्न विचारायला हवा. पुढे २००३ मध्ये असेही आढळले की गरोदरपणात कष्टाचे काम अधिक करणाऱ्या स्त्रियांच्या बाळांचे वजन कमी भरते आणि डोक्याचा घेरही लहान असतो. आहार आणि कष्ट यांचा बाळाच्या मापांशी असा संबंध दिसला म्हणजे लगेच कार्यकारण सिद्ध झाले असे नव्हे. पण पंधरा वॉटच्या दिव्याचा हिशोब आठवला तर आश्चर्यही वाटत नाही.

जन्मानंतर सहा महिने केवळ आईचे दूध, आणि सहा महिने पूर्ण होताच उष्टावण. आपल्या या जुन्या संस्काराची वेळ आजच्या विज्ञानाशी अचूक जुळते. त्या सुमारास बाळाच्या शरीरातील लोहाचा साठा संपत येतो आणि नुसते दूध पुरत नाही. पण उष्टावणाचा एक घास भरवून थांबायचे नसते, तेथून रोजचे जेवण सुरू व्हायला हवे. गर्भातील २७० आणि नंतरच्या दोन वर्षांचे ७३० दिवस मिळून हजार दिवस होतात. या हजार दिवसांना तज्ज्ञ जपायला सांगतात ते याचसाठी.

घास आणि खेळ

पोट भरले की काम झाले का? जमैका बेटावर सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची चाचणी घेतली. किंग्स्टन शहरातील गरीब वस्त्यांमधील, वयाच्या मानाने खुजी राहिलेली नऊ महिने ते दोन वर्षांची १२९ मुले घेऊन त्यांचे चार गट केले. एका गटाला जादा पोषण मिळाले. दुसऱ्या गटाच्या घरी आरोग्यसेविका दर आठवड्याला तासभर जाई आणि घरगुती वस्तूंपासून केलेल्या खेळण्यांनी मुलाशी कसे खेळावे, कसे बोलावे हे आईला दाखवी. तिसऱ्या गटाला दोन्ही, चौथ्याला यांपैकी काहीच नाही. दोन वर्षांनी पोषणाने फरक पडलेला दिसला, खेळानेही पडलेला दिसला आणि दोन्ही मिळालेली मुले सर्वांत पुढे होती. ज्या मुलांशी खेळले-बोलले गेले, ती बावीस वर्षांची झाली तेव्हा इतरांपेक्षा सुमारे पंचवीस टक्के अधिक कमावत होती.

यातून एक दिलासाही मिळतो. ही मुले आधीच मागे पडलेली होती, तरी त्यांना पुढे येता आले. मेंदू आयुष्यभर शिकत राहतो. सुरुवातीला मात्र हे काम स्वस्तात आणि सहज होते.

महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. १९५७ मध्ये ते कोसबाडच्या आदिवासी भागात गेले. सोबत अनुताई वाघ होत्या. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात न्यावी, म्हणून अंगणवाडी. मुले गुरे राखायला जातात, तर शाळा कुरणात न्यावी, म्हणून कुरणशाळा. खेळणी कोणती? पाने, बिया, खडे, शंख-शिंपले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली आणि 'अंगणवाडी' हा शब्द भारतभर गेला.

एका बिंदूची रेषा होत नाही

अंगणवाडीत दर महिन्याला बाळाचे वजन का करतात? आलेख काढणाऱ्या विद्यार्थ्याला हे सांगायला नको. एका बिंदूवरून रेषा कोणत्या दिशेला चालली आहे ते कळत नाही. एखादे बाळ मुळातच लहान चणीचे असते आणि त्याची रेषा चांगली वर चढत असते. दुसरे दिसायला गुटगुटीत असते, पण त्याची रेषा तीन महिने आडवी पडलेली असते. काळजी दुसऱ्याची करावी. आकड्यापेक्षा चढाव महत्त्वाचा.

आणि नेमकी हीच रेषा आपल्या भागात अनेक बाळांच्या नशिबी नसते. आळेफाटा हा पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर या रस्त्यांचा चौक. कांद्याच्या बाजाराला, टोमॅटोच्या तोडणीला, उसाच्या फडावर येथे दुरून माणसे येतात. ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. हा पाच-सहा महिन्यांचा काळ वर्षाच्या बाळाच्या आयुष्याचा निम्मा हिस्सा आहे! आई पहाटे फडात जाते. बाळ बांधावर झोळीत किंवा आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. त्याचे नाव गावाकडच्या अंगणवाडीच्या वहीत असते आणि बाळ येथे कोपीत. तेथे त्याच्यापुढे रेघ, येथे त्याचे नावच नाही. मेंदू मात्र हंगाम संपण्याची वाट पाहत नाही.

करून पाहा

१. न ताणली जाणारी टेप घ्या, कापडी जुनी टेप ताणते. घरच्या बाळाच्या भुवयांच्या वरून, मागच्या फुगीर भागावरून टेप फिरवून घेर मोजा. तीनदा मोजून सर्वांत मोठे माप लिहा. दर महिन्याला त्याच तारखेला मोजा आणि आलेख काढा. त्यावरून बाळाला हुशार किंवा मंद ठरवू नका. शंका आली तर आलेख डॉक्टरांना दाखवा.

२. बाळ केव्हा पालथे पडले, बसले, चालू लागले याची नोंद ठेवा. निरोगी बाळे आठव्या महिन्यानंतर किंवा दीड वर्षाच्या आसपासही चालू लागतात. काही तर रांगतच नाहीत. शेजारच्या बाळाशी शर्यत लावू नका.

३. बाळाने आवाज केला की उत्तर द्या. दहा मिनिटांत अशा किती फेऱ्या होतात ते मोजा. पुढच्या महिन्यात पुन्हा मोजा.

४. तुमच्या शिवारात कोप्या पडल्या हे अंगणवाडीताईंच्या आधी तुम्हाला कळते, कारण शाळेची वाट तेथूनच जाते. त्या कोप्यांत पाच वर्षांखालील किती मुले आहेत हे विचारून घ्या आणि ताईंना त्याच आठवड्यात जाऊन सांगा. शिक्षकांनी हे काम विज्ञान मंडळाकडे सोपवावे. वर्गात कितीही प्रयोग केले तरी याच्याइतका मोलाचा प्रयोग क्वचितच हाती लागेल. ताराबाईंनी शाळा कुरणापर्यंत नेली होती. उसाचा फड कुरणापेक्षा काही फार लांब नाही.